काळ्या तोंडाचे दगड

"सुट्टीत पोहायला जायचं ठरलं होतं," ढब्बू कुरकुरला. "आणि आपण दगड मोजतोय."

"मोजत नाही. त्यांची तोंडं बघतोय," त्याची मोठी बहीण मिरची म्हणाली.

टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळी पडली होती. महिन्यापूर्वी इथला वणवा विझवताना त्यांचे बाबा गेले. बाबा वनरक्षक होते. वनअधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं होतं, माथ्यावरच्या चौकीत वनरक्षकाने टाकलेल्या बिडीमुळे आग लागली. बाबांनी बिडी सोडून सहा वर्षं झाली होती! आईला तो कागद वाचून दाखवताना साहेबांनी एकदाही मान वर केली नव्हती. उद्या तो अहवाल मोठ्या कचेरीत जाणार होता. एकदा तिथला शिक्का बसला की बाबांच्या नावाला कायमचं काळं.

"बाबा सांगायचे," मिरची म्हणाली, "आग ज्या बाजूनं येते, त्या बाजूला दगडाचं तोंड काळं करते. हा बघ. उताराकडून काळा, माथ्याकडून पांढरा."

शेजारच्या शिंपीकाकांच्या मुलानं, चष्मिशनं, चष्मा पुसून खात्री केली. "म्हणजे आग खालून आली. माथ्यावरून नाहीच."

"वर चढताना आग धावते. तिच्या धगीनं वरचं गवत आधीच तापून बसलेलं असतं. खाली उतरताना रांगते," मिरची म्हणाली. "हे साहेबांना माहीत नसेल?"

काळी तोंडं जिकडे वळलेली, तिकडे तिकडे तिघं उतरत गेले. वाट थेट डांबरी रस्त्यावरच्या गतिरोधकापाशी संपली. त्याच्या पाठीवर पांढरे, ताजे ओरखडे होते.

"मांजर?" ढब्बूनं विचारलं.

"हो, लोखंडाचं," चष्मिश म्हणाला.

तेवढ्यात ट्रॅक्टरमागे वनखात्याचा पाण्याचा टँकर धडधडत आला. आग विझवायला पाणी नेणारा! त्याच्या आकड्याची साखळी खाली लोंबत होती. गतिरोधकावर टँकर उसळला, साखळी खणकन आपटली आणि ठिणग्या उडून कडेच्या राखेत पडल्या. महिन्यापूर्वी तिथे कमरेएवढं वाळलेलं गवत होतं.

मिरचीची कानशिलं तापली. ती पळतच साहेबांच्या कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "पोरखेळाला मला वेळ नाही."

"नसू दे," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "ढब्बू, तुला पोट दुखायचं सोंग येतं ना?"

"शाळेच्या दिवशी रोज येतं."

दुसऱ्या सकाळी साहेबांची जीप अहवाल घेऊन निघाली, तर गतिरोधकाच्या अलीकडे रस्त्यात ढब्बू गडाबडा लोळत होता. साहेब चरफडत उतरले. "कुणाचं कार्टं आहे हे?"

"वनरक्षकांचं," मिरची म्हणाली आणि ढब्बूला बाजूला ओढलं. समोरून टँकर येतच होता. त्याची वेळ चष्मिशनं आदल्या दिवशीच घड्याळात बघून ठेवली होती.

खणकन! साहेबांच्या बुटापुढे ठिणग्या नाचल्या.

साहेबांनी टँकर थांबवला. "ही साखळी कधीपासून लोंबतेय?"

"दोन महिने झाले की," चालक खाली उतरत म्हणाला. "दुरुस्तीचा अर्ज तुमच्याच टेबलावर आहे, साहेब. सही राहिलीय."

"वणव्याच्या दुपारी इथून गेला होतात, काका?" चष्मिशनं विचारलं.

चालकानं जळक्या टेकडीकडे पाहिलं. मग साखळीकडे. त्यानं ती हातानं वर उचलून धरली.

साहेबांनी घसा खाकरला. "हुशार आहात. बापाचं नाव काढलंत. शाबास, पोरी."

"त्यांचं नाव तुम्ही घालवलंत," मिरची म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "शाबासकी नको. ती ओळ खोडा."

"कचेरीत गेल्यावर बघू..."

"इथेच. आणि साखळीचं लिहा. अर्जाचंही."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर अहवाल ठेवला, पेन काढलं. वाऱ्यानं कागद फडफडू लागला. ढब्बूनं खिशातून एक दगड काढून त्यावर ठेवला आणि नीट फिरवून त्याचं काळं तोंड साहेबांकडे केलं.