सोळा लेकरांची एकच चूक

धम्मशीला खुर्चीत बसलीच नाही. पिशवीतली नोटीस तिनं टेबलावर आपटली.

"ताई, आज दुपारी शाळेत माफीनामा लिहून घ्यायला साहेब यायलेत. मी देणार न्हाई. नोकरी गेली तरी न्हाई!"

शुभदाताईंनी चष्मा नाकावर सारखा केला. परभणीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत खाजगी तपासासाठी नाना तऱ्हेचे लोक यायचे. कुणाचा सातबारा बनावट, कुणाचा जावई बेपत्ता. माफी मागायची नाही म्हणून आलेली ही पहिलीच.

कोपऱ्यात भागवत चहा गाळत होता. पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. चेहरा बघून सांगायचा की हा विनातिकीट आहे, पण कोडं पडलं की त्याच्या डोक्यात घंटी दोन थांबे उशिरा वाजायची.

"बसा आधी, बाई," तो म्हणाला. "चहाशी कशाला भांडायलात?"

चहा पिता पिता हकीकत कळली. धम्मशीला पोखर्णीच्या अलीकडे माळवस्तीच्या शाळेत शिक्षिका. तिच्या चौथीत सतरा मुलं. पाच जुलैला विज्ञानाची चाचणी झाली. दहा प्रश्न, योग्य पर्यायावर खूण करायची. नववा प्रश्न असा: भर दुपारी, सावली सर्वांत लहान असते तेव्हा ती कोणत्या दिशेला पडते? उत्तरसूचीत होतं 'उत्तरेला'. सतरापैकी सोळा मुलांनी खूण केली 'दक्षिणेला'.

"सोळाच्या सोळा?" भागवतनं कप खाली ठेवला.

"एकट्या माऊलीचं बरोबर. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब, त्यांचा नातू. दहापैकी दहा. विज्ञान सहलीला पहिला येणारा जातो, तोच निघालाय. आमची सुकेशनी नऊवर अडकली. आता म्हणतात, सोळा जणं एकच चूक करतात म्हणजे बाईनंच सांगितलं, अन् तेबी चुकीचं. लेकरांच्या पेपरवर नकलेचा शेरा पडणार."

"तुम्ही काय शिकवलं होतं?" शुभदाताईंनी विचारलं.

"उत्तरेला! पुस्तकात तेच हाय. जानेवारीत, लेकरं तिसरीत असताना, अंगणात काठी रोवून दाखवलंय बी. मग वीस जूनपासून मी परभणीत प्रशिक्षणाला. चाचणीच्या आदल्या सांजेला परतले. तवापासून आभाळ नुसतं भरलेलं, अन् दहा तारखेपासून मला शाळेत पाय ठेवायला बंदी. लेकरं म्हणतात, बाई, कुणीच सांगितलं न्हाई." तिची मान ताठच होती. "माझ्या वर्गाचा एकच नियम हाय. बघितल्याबिगर लिवायचं न्हाई. हे असं कसं झालं मला कळंना, पण माझी लेकरं खोटं बोलत न्हाईत."

नोटिशीला तक्रारअर्जाची प्रत जोडली होती. शुभदाताईंनी ती भागवतकडे सरकवली.

"'नवव्या प्रश्नाचे उत्तर एक विद्यार्थी सोडून सर्वांनी चुकीचे दिले, हे शिक्षिकेचे कारस्थान आहे,'" भागवतनं वाचलं. "सही आबासाहेबांची. कार्यालयाचा आवक शिक्का पाच जुलैचा. लय तडफेचा माणूस!"

"आणि पेपर कधी तपासले?"

"नऊ तारखेला, परभणीत," धम्मशीला म्हणाली. "दहाला मला नोटीस."

शुभदाताईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "भागवत, गाडी काढा."

चाचणी घ्यायला बाहेरून गेलेला शिक्षक हरिओम, पिंगळीच्या शाळेतला. निघण्याआधी त्याला फोन लावला.

"आदल्या दिवशीच मुक्कामी गेलतो, ताई," तो म्हणाला. "बाहेरून कुणी साहेब आला की जेवण, मुक्काम आबासाहेबांकडंच. वस्तीची रीतच हाय. पेपरचं पाकीट सीलबंद होतं, सकाळी पोरांपुढंच फोडलं."

"उत्तरसूची?"

"ती फाइलीत होती. मोकळीच. बॅग ओसरीवर खुंटीला टांगली होती."

"बॅग सोडून कुठे गेला होतात?"

"सांजच्याला पोखर्णीला, नरसिंहाच्या दर्शनाला. आबासाहेबच म्हणले, इतक्या लांब आलाव तर देवाला जाऊन या."

"चाचणीच्या वेळी मुलांना कुणी काही सांगितलं?"

"न्हाई हो. फळा मीच पुसला. बाई तर बाहेर ओट्यावर होत्या."

आठवडाभराचं मळभ त्या दिवशी फाटलं होतं. दहा वाजता भागवतची मोटारसायकल माळवस्तीत पोचली, तेव्हाच ऊन मी म्हणत होतं. शाळेचं तोंड दक्षिणेला, पुढं अंगण, अंगणापलीकडे फाटक. भागवतनं गाडी मुद्दाम इमारतीच्या मागं, उत्तरेच्या भिंतीला लावली.

"भर दुपारी उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नसतंय," तो म्हणाला. "आमच्या आज्ज्यापासून ठाऊक हाय."

खिचडी शिजवणारी केशरबाई चुलीपुढून बोलली, "बाई नव्हती पंधरा दिवस, तर लेकरं तिच्यामागं बी काठीपाशी बसायची. माझी खिचडी गार व्हायची, तरी हलायची न्हाईत. चोर म्हणायलेत त्यांना! जीभ कशी झडत न्हाई यांची?"

अंगणाच्या मधोमध कमरेइतकी काठी रोवलेली होती. तिच्यापासून हातभर लांब, शाळेकडच्या बाजूला, चुना फासलेल्या जुन्या खड्यांची रांग होती. काठीला जवळजवळ चिकटून, फाटकाकडच्या बाजूला, नव्या खड्यांचा छोटा ढीग होता.

"पोरांचा खेळ," भागवत म्हणाला.

शुभदाताई उकिडव्या बसल्या. दोन मुलं जवळ येऊन उभी राहिली. एक काटकुळी, तेल चोपडलेल्या वेण्यांची, ती सुकेशनी. दुसरा गोरागोमटा, नव्या दप्तराचा, तो माऊली.

"हे खडे कुणी ठेवले?"

"ह्यानं," सुकेशनीनं बोट दाखवलं. "खड्याचं काम माऊलीचं. रोज खिचडीच्या घंटीला. मी बोटानं मोजते."

माऊली नव्या ढिगाकडे बघत राहिला आणि नाक ओढत वर्गात पळाला.

"अन् तू माफी लिहून देणार का गं?" भागवतनं सुकेशनीला छेडलं.

"कशाची?" ती म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भागवतला पुढं विचारायचं धाडस झालं नाही.

आबासाहेब अकराला आले. पांढरी टोपी, तोंडात पान.

"मला दिशाबिशातलं काय कळतंय?" ते म्हणाले. "नऊ तारखेला पेपर तपासले, साहेबांचा फोन आला, तवा समजलं की पोरांनी माती खाल्ली. मग दिला अर्ज. गावच्या भल्याचं बघावंच लागतंय."

"धम्मशीलाबाईंवर राग होता का?"

"राग कशाचा? माऊलीला पहिला नंबर द्या म्हणून दोनदा निरोप धाडला. दोनदा न्हाई म्हणली. लय ताठा हाय बाईला. आता बघा, नंबर आपसूक आला की न्हाई?"

बाराच्या सुमाराला शिक्षण विस्तार अधिकारी सिताराम साहेब जीपमधून उतरले. एसटीनं आलेली धम्मशीला बंदीमुळं फाटकाबाहेरच थांबली होती, तिला त्यांनी आत बोलावलं. तेवढ्यात भागवत गाडीवरचा डबा आणायला मागं गेला, सीटवर हात टेकला आणि "आयाया!" करत परत आला. केशरबाईची हसून पुरेवाट झाली. "दादा, माझ्या कोंबड्यांना इचारायचं की! त्या बघा, पुढच्या भिंतीला बसल्यात."

"आटपा," साहेब म्हणाले. "बाई, माफीनामा?"

धम्मशीलानं कोरा कागद पुढं केला. "कागद आणलाय. लिवणार न्हाई."

"साहेब," शुभदाताई मध्ये पडल्या, "खिचडीची घंटी होऊ द्या. मग चोर दाखवते."

साडेबाराला घंटी झाली. सगळे काठीभोवती जमले.

"मी चुकीचं उत्तर सांगणारा शोधायला आले होते," शुभदाताई म्हणाल्या. "तसा कुणीच नाही. बाईंनी शिकवलं 'उत्तरेला', पुस्तकात 'उत्तरेला', फळा कोरा. मग सोळा जणांना दक्षिण कुठून सुचली? भागवत, तुमची गाडी का तापली?"

भागवत डोकं खाजवायला लागला. "भिंतीवर ऊन आलं म्हणून."

"कुठल्या भिंतीवर?"

"उत्तरेच्या." आणि मग त्याच्या डोक्यात घंटी वाजली. "आँ? म्हणजे सूर्य उत्तरेला हाय?"

"परभणीत मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेला सरकलेला असतो. म्हणून कोंबड्या दक्षिणेच्या भिंतीला बसल्यात. जुने खडे जानेवारीचे, उत्तरेला आणि लांब. नवे खडे जूनचे, दक्षिणेला आणि काठीला चिकटून. बाई नसताना मुलांनी बाईंचा नियम पाळला. साहेब, उत्तरसूची सगळ्या राज्यासाठी सरसकट केलेली. चूक तिची आहे. मुलांची नाही."

धम्मशीलानं तोंडाला पदर लावला. बाई रडत होती आणि हसतही होती.

"मग चोर कोण?" साहेबांनी विचारलं.

"ज्याचं उत्तर बरोबर आलं, त्याला विचारायला हवं होतं. खडे रोज माऊलीनं ठेवले. दक्षिणेला. त्यानं जे डोळ्यांनी बघितलं त्याच्या उलट खूण केली. का? कुणीतरी सांगितलं म्हणून." त्यांनी पर्समधून अर्ज काढला. "आबासाहेब म्हणतात, मुलं चुकली हे त्यांना नऊ तारखेला कळलं. अर्जावर शिक्का पाच तारखेचा. त्या दिवशी बाहेर आलेली पोरं दक्षिण-दक्षिण म्हणताना यांनी ऐकली असतील. पण 'दिशाबिशातलं काय कळतंय' म्हणणाऱ्या माणसाला ते चूक ठरणार हे त्या दिवशी उत्तरसूची बघूनच कळू शकत होतं. ती सूची होती खुंटीवरच्या बॅगेत, यांच्या ओसरीवर. आणि पाहुण्याला यांनीच देवाला धाडलं."

"तोंड सांभाळा, बाई!" आबासाहेब गरजले. "जन्म गेला माझा उन्हात. मला सावली शिकवायलात?"

"तेच तर," शुभदाताई म्हणाल्या. "जन्म उन्हात गेला, पण कागद दिसला आणि तुम्ही ऊन विसरलात."

आबासाहेब आणखी काही बोलणार, तोच माऊली पुढं आला. गालांवर ओघळ, हातात खडा.

"आबा म्हणले, काय बी दिसू दे, तू 'उत्तरेला'वरच खूण कर," तो म्हणाला आणि तो खडा काठीपाशी, दक्षिणेला ठेवला. "मला सहल नको. पहिली सुकेशनीच हाय."

आबासाहेबांनी नातवाकडे हात केला. माऊली सुकेशनीच्या मागं जाऊन उभा राहिला. म्हातारा तसाच फाटकाबाहेर गेला, कुणी त्याला थांबवलं नाही.

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "सगळं खरं. पण उत्तरसूची वरून आलेली. ती चूक म्हणायचा अधिकार मला न्हाई हो."

"मग सूर्याला नोटीस द्या, सर," सुकेशनी म्हणाली.

भागवतला ठसका लागला. केशरबाईनं तोंड फिरवलं. साहेब आधी रागानं लाल झाले, मग स्वतःच हसले.

"एक गुण वाढवू का तुझा?"

"एक न्हाई. सोळा. सगळ्यांचा एकेक. अन् बाईची नोटीस फाडा."

साहेबांनी धम्मशीलाच्या हातातला माफीनाम्याचा कोरा कागद घेतला, जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. "बरं. लिहितो अहवाल. दिनांक बारा जुलै. मी स्वतः पाहिले की..."

"सर!" सुकेशनी ओरडली.

"आता काय?"

"बघितल्याबिगर लिवायचं न्हाई."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी धम्मशीलाकडे बघितलं, मग टोपण लावलं, पँट वर ओढली आणि सतरा लेकरांच्या मधोमध मातीत गुडघे टेकले. सुकेशनीनं त्यांचा हात धरून सावलीवर ठेवला आणि मोजायला लावलं. चार बोटं भरली.