दोन उजवे

“फोटो नीट बघून घे गं,” मार्सेयहून वसीलाचा भाऊ नाझिम फोनवर म्हणाला होता. “डाव्या हाताचा वेगळा असतो, उजव्या हाताचा वेगळा.”

“हात दोन, शिफ्टर दोन. त्यात बघायचं काय?” वसीलाने त्याला उडवून लावलं आणि दोन वेगवेगळ्या माणसांकडून सायकलचे गिअर बदलायचा एकेक वापरलेला शिफ्टर मागवून टाकला. दोन्ही पाकिटं नाझिमकडे पोचली. त्याने ती न उघडताच स्वेटरात गुंडाळली आणि बोटीने परत येणाऱ्या एका शेजारणीच्या पिशवीत कोंबली. समुद्राच्या अलीकडच्या ब्लिदा शहरात फ्रान्सच्या निम्म्या वस्तू अशाच कुणाच्या तरी पिशवीतून येतात. औषधं, चॉकलेटं, बाळाचे बूट.

जानेवारीतल्या एका शनिवारी शिफ्टरांची पिशवी हँडलला अडकवून वसीला बाजाराजवळच्या मोठ्या दुकानाकडे निघाली होती. पण पाऊस असा आडवा आला, की पहिल्या दिसलेल्या पत्र्याखाली तिने सायकल ओढून घेतली. पत्र्याखाली एक अरुंद दुकान होतं. आत एक तरुण चाकाचे आरे बोटाने वाजवून बघत होता... टिंग, टिंग, टुंग.

“तो ढिला आहे,” ती बाहेरूनच म्हणाली.

त्याने मान वर केली. “कान चांगला आहे तुमचा. आत या, भिजताय.”

त्याचं नाव लुत्फी. सायकल बघून त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली. निळी, स्टीलची, वसीलाच्या वडिलांनी तरुणपणी शर्यतीला वापरलेली. गिअरचे खटके खाली तिरक्या नळीवर. गावावरच्या श्रेआच्या घाटात गिअर बदलायचा म्हणजे एक हात सोडून वाकायचं. गेल्या महिन्यात उतारावर तिने असाच हात सोडला आणि थेट कठड्याला जाऊन टेकली. तेव्हापासून तिला ब्रेकच्या मुठीतच गिअर हवे होते. हात हँडलवरून सुटायलाच नको.

तिने दोन्ही शिफ्टर टेबलावर ठेवले. लुत्फीने एक उचलला, मग दुसरा. त्याचे ओठ हलले, पण हसू त्याने आत ओढलं.

“काय झालं?”

“काही नाही… तुम्हाला उजवे हात किती?”

वसीलाने शिफ्टरांकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. कान तापले.

“काय करता तुम्ही?” त्याने विचारलं.

“शिकवते. भौतिकशास्त्र.”

“मग ठीक. मला वाटलं भूमिती.”

“डावा मिळेल का, तेवढं सांगा. टोमणे घरीही मिळतात.”

“मिळेल… आणेल कुणीतरी.” तो रबराची मूठ उगाच दाबत राहिला. “तोवर बाकीचं करू. पुढच्या शनिवारी या.”

पुढच्या शनिवारी ती गेली. या शिफ्टरांसाठी लागणाऱ्या नव्या मागच्या चाकाला जास्त दातेरी चकत्या होत्या, ते जुन्या सायकलीत मावेना. मागचे दोन दांडे चार मिलिमीटर फाकवावे लागणार होते, तेही दोन्हीकडे सारखे. लुत्फीने मागच्या एका टोकाला दोरा बांधला, पुढून वळवून दुसऱ्या टोकाला आणला.

“पुढे घट्ट धरा. श्वास सोडू नका.”

“श्वासाचा काय संबंध?”

“काही नाही. पण सगळे सोडत नाहीत.”

तो दांडा जरासा ओढायचा, मोजायचा, परत ओढायचा. दोऱ्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. मधे निळी सायकल. त्याच्या पापणीवर ग्रीसचा ठिपका होता. सांगावा की नाही, याचा ती विचार करत राहिली आणि सांगितला नाही.

तेवढ्यात समोरचे कॉफीवाले बूअलाम काका रस्त्यातूनच ओरडले, “काय रे लुत्फी, व्हिसा आला म्हणे! कधी उडतोस?”

“अठ्ठावीस फेब्रुवारी, काका.”

“मामाच्या दुकानात ना, फ्रान्सला, सेंत-एत्येनला? तिकडे गेलास की आम्हाला विसरशील बघ!”

वसीलाच्या हातातला दोरा सैल पडला.

“घट्ट,” लुत्फी खाली बघत म्हणाला.

“आणि माझी सायकल?”

“ती पूर्ण करूनच जाईन.”

“नाही झाली तर?”

“तर…” आत्ताच मोजलेलं त्याने पुन्हा मोजलं.

तिची थोरली बहीण रझिका एकदा परदेशी निघालेल्या नवऱ्याला म्हणाली होती, थांब. त्याने तिकीट फाडलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. सूप जरा खारट झालं, लाइट गेली, पोराला ताप आला, की तो चमचा खाली ठेवून म्हणतो, तुझ्यासाठी थांबलो. एवढंच. वसीलाने त्या घरी जेवताना ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की आपल्या तोंडून तो शब्द निघायचा नाही हे तिने लुत्फीच्या व्हिशाचं कळलं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

पण शनिवार काही तिने सोडले नाहीत.

“तिसऱ्या गिअरला कुरकुरतंय,” ती म्हणायची.

लुत्फी चाक फिरवायचा, कान लावायचा. काहीही कुरकुरत नसायचं. “हो, कुरकुरतंय खरं,” तो गंभीरपणे म्हणायचा आणि सगळं पुन्हा उघडायचा. डावा शिफ्टर मात्र येत नव्हता. कधी आणणारा आजारी पडे, कधी बोट रद्द होई.

चौथ्या शनिवारी तो समोरून चहा आणायला गेला. वसीलाला हात पुसायला फडकं हवं होतं, म्हणून तिने कोपऱ्यातला पडदा सारला. मागे एक सायकल टांगलेली होती. पुढचं चाक वाकडं, उजवा शिफ्टर चेंदामेंदा. डावा शिफ्टर वसीलाच्या शिफ्टरच्याच जातीचा, अगदी धडधाकट.

लुत्फी दोन पेले घेऊन दारात उभा राहिला.

“ही कुणाची?”

“माझी. सहा वर्षांपूर्वी पडलो, मग शर्यती सोडल्या.”

“आणि माझा डावा येणार होता. कुठून? पडद्यामागून?”

पुदिन्याची वाफ त्याच्या चेहऱ्यावर येत होती. “बसवला असता… तर सायकल पूर्ण झाली असती.”

“मग?”

“मग तुम्ही आला नसता.”

तिने हात पुढे केला. पेला घेतला, एक घोट प्यायली. “साखर फार घालतोस,” एवढंच म्हणाली. मग त्या सायकलीवरचा शिफ्टर काढायला तिनेच पाना उचलला.

शुक्रवारी सकाळी ते दोघं घाटात निघाले, तो उधार आणलेल्या सायकलीवर. वळणावर तिने नुसतं बोट हलवलं... टक. हात जागचा सुटला नाही. पुढच्या वळणावर पुन्हा टक. मागे लुत्फी तो आवाज ऐकत चढत होता. वर देवदारांखाली जुना बर्फ उरला होता. भाजक्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन ते कठड्यावर बसले. खाली सगळा मितीजाचा सपाट मुलूख पसरला होता, संत्र्यांच्या बागांसकट.

“थांब म्हण,” तो म्हणाला. “एकदाच म्हण… तिकीट फाडतो.”

“नाही म्हणणार.”

त्याचा चेहरा उतरला. तिने एक शेंगदाणा सोलला, साल वाऱ्यावर सोडली, मग त्याला रझिकाच्या घरचं सांगितलं, खारट सुपासकट.

“मी असं कधीच बोलणार नाही,” तो म्हणाला.

“तोही आधी असाच म्हणायचा. तू जा, काम शीक. आणि जायच्या आधी तुझ्या आईला आमच्या घरी पाठव.”

“आईला? कशाला?”

“तिला नुसतं सांग, वसीलाने बोलावलंय. तिला कळेल. हात हलवत येणार नाही ती.”

लुत्फीला कळायला सहा-सात शेंगदाणे लागले. मग तो इतका हसला, की शेजारच्या बाकावरच्या बायकांनी वळून बघितलं.

त्याची आई आली, बदामाची मिठाई घेऊन. दोन्ही घरांनी मिळून फातिहा वाचली, लग्न ठरलं. अठ्ठावीसला लुत्फी गेला. वसीलाने विमानतळावर डोळ्यांतून पाणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिला तास होता.

आता नोव्हेंबर आहे. लुत्फी रोज संध्याकाळी फोन करतो. तिकडच्या गोष्टी सांगतो, लग्नाला सुट्टी कधी मिळेल ते सांगतो... सांगायचा. गेले नऊ दिवस मात्र तीनच वाक्यं येतात. जेवलो. खोली गरम आहे. मामा बरे आहेत. मध्येच तो फोन तळहाताने झाकतो, आणि झाकलेल्या फोनमधूनही खोकला ऐकू येतो. मामा फोन उचलत नाहीत, नाझिमला मार्सेयहून निघायला इतक्यात सुट्टी मिळत नाही. वसीलाच्या परीक्षा सुरू आहेत, आणि व्हिसा काही भाजीसारखा जाऊन आणता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला असलात, तर एवढं करा. सेंत-एत्येनच्या स्टेशनमागे मामांचं हिरव्या शटरचं सायकलचं दुकान आहे. बाजूच्या जिन्याने वर जा, डावीकडचं दार लुत्फीच्या खोलीचं. चाकात हवा भरायची आहे म्हणा, काहीही म्हणा. आत शेगडी खरंच पेटलेली आहे का, आणि दार उघडायला त्याला किती वेळ लागला, ते बघा. आणि तिला कळवा.