कॉम्प्युटरने नाव विचारलं

त्या रविवारी मला फक्त शाळेचा जुना कॉम्प्युटर चालू करायचा होता. काम एवढंच होतं. पण ते सावकाश सांगावं लागेल. मला भराभर बोलता येत नाही.

आमची आश्रमशाळा जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. श्रावणात इथे धुकं भरदुपारीसुद्धा खिडकीतून आत येतं. वह्या मऊ पडतात, चादरी वाळत नाहीत आणि बारा वाजताही वर्गात दिवा लावावा लागतो.

त्या कॉम्प्युटरमध्ये गेल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टचा एक फोटो होता. त्यात पहिल्या रांगेत, गणवेशात, मांडी घालून माझी धाकटी बहीण चंदा बसली होती. मी मागच्या रांगेत उभी होते. ती तेव्हा पहिलीत होती. तिचा दुसरा धड फोटो कुठेच नाही. आधार कार्डावर आहे ती दीड वर्षाची, रडताना, डोळे मिटलेली. विनोद सरांनी ज्या फोनने शाळेचा फोटो काढला, तो फोन पुढे नदीत पडला.

चंदा माघात गेली, भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवर. दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरचे सगळे जगायला बाहेर जातात, तसे आई-बाबाही गेले होते. तिला ताप आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. तिला तिकडेच पुरलं. मी पोहोचले नाही.

ती भट्टीवर जायलाच नको होती. शाळेच्या वसतिगृहात माझ्यापाशी राहणार होती. पण ती माझ्या अंथरुणात झोपायची आणि अंथरूण ओलं करायची. सकाळी मुली हसायच्या. हर्षदा तर सगळ्यांसमोर विचारायची, "काय गं सोमी, आजपण तुझ्या गादीत झरा फुटला का?"

दिवाळीत मी आईला म्हटलं, "हिला घेऊन जा. मला लाज वाटते."

चंदा तिथेच उभी होती. माझी बाही धरली होती, ती तेवढी सोडली.

पावसाळ्यात आई मला भेटायला आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "सोमी, मला तिचं तोंड याद येत नाय गं. डोळे मिटले की नुसता झगा दिसतो."

आईने तिचं नाव घेतलं नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे दिवस घालून, शेवटचा विधी करून वाटेला लावेपर्यंत त्याला नावाने हाक मारत नाहीत. हाक ऐकली की ते वाट सोडून मागे फिरतं, असं म्हणतात. भगताने सांगितलं होतं, भाताची कापणी झाली की दिवस घालू. म्हणून माघापासून घरात कुणी ते नाव उच्चारलं नव्हतं.

"शाळेत फोटो आहे," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी ये. दाखवते."

मग मला भीती वाटायला लागली की फोटोला काही झालं तर? सरांनी आम्हाला शिकवलं होतं की पेनड्राइव्हमधला व्हायरस लपून बसतो. लपलेल्या फायली उघड्या करायच्या आणि अनोळखी दिसेल ते पुसायचं. मी कॉम्प्युटरमध्येही तसंच केलं. लपलेल्या तीन फायली सापडल्या. नावं वाचता येत नव्हती, कशाच्या आहेत तेही कळेना. फोटो वाचावा म्हणून मी तिन्ही पुसल्या आणि कचरापेटीही रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उठला नाही. काळा पडदा आणि पांढरी एकच ओळ, एक फाइल सापडत नाही म्हणून.

विनोद सरांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, व्हायरस नव्हता तो! सकाळी उठायचं कसं, तेच त्या तीन फायलींत लिहिलेलं असतं. तू त्याचं उठणंच बंद केलंस."

"सर, फोटो गेला का?"

"फोटो आत आहे. पण दारच उघडत नाही, त्याला काय करशील?"

रविवारी त्यांचं पालघरला प्रशिक्षण होतं. जाताना त्यांनी ओरखडे पडलेली एक सीडी दिली आणि वहीच्या पानावर काय काय टाइप करायचं ते लिहून दिलं. दोन फायली सीडीवरून उतरवायच्या. तिसरी सीडीवर नसते. ती कॉम्प्युटरकडूनच नव्याने लिहून घ्यायची. खाली लिहिलं होतं, 'नाव विचारेल. काहीही दे.'

शिपाई धोंडीमामांनी खोली उघडून दिली. आत ओल्या खडूचा वास होता. खिडकी लावली तरी धुकं फटीतून येत होतं. मी सीडी घातली. पहिली ओळ टाइप केली. एक फाइल उतरली. दुसरी ओळ. आणखी एक.

धोंडीमामा दारात तंबाखू मळत होते. म्हणाले, "दोघी आहात ना? मग मी चहा पिऊन येतो."

मला वाटलं, आई आली. मी व्हरांड्यात डोकावले. कुणी नव्हतं. आमच्या पाड्याकडून येणारी जीप अजून आली नव्हती.

मी परत येऊन बसले. तिसरी ओळ टाइप केली. कॉम्प्युटर बराच वेळ आत काहीतरी शोधत राहिला. मग थांबला. एक सापडलं आहे, यादीत घेऊ का, असं त्याने विचारलं. मी होय म्हटलं.

मग त्याने नाव विचारलं.

पांढरी रेघ लुकलुकत होती... थांबत होती... पुन्हा लुकलुकत होती. मी काहीही देऊ शकले असते. शाळेचं, माझं. पण माघापासून ते नाव माझ्या तोंडात अडकून राहिलं होतं. तोंडाने घ्यायचं नाही, पण बोटांनी लिहिलं तर...

मी लिहिलं, CHANDA.

बटण दाबलं आणि खोलीत वास आला. भाजलेल्या मातीचा. लहानपणी मीही भट्टीवर राहिले आहे. तो वास मी ओळखते.

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यावर आधी तिचं नाव आलं, मग उजेड. तेवढ्यात माझी बाही कशाला तरी अडकली. मी खाली पाहिलं नाही.

"सोमी?" आई दारात होती. छत्री गळत होती, हातात करटुल्यांची पिशवी. "झाला का गं चालू?"

"झाला. ये, बस."

मी फोटो उघडला. झेंडा होता, सर होते, मुलं जिथल्या तिथे होती. पहिल्या रांगेत मात्र दोन मुलींच्या मध्ये एकाच मुलीपुरती जागा रिकामी होती.

चंदा मागच्या रांगेत होती, माझ्याजवळ. पिवळ्या झालरीच्या झग्यात. माझी बाही घट्ट धरून.

मी तो झगा कधी पाहिला नव्हता.

आईने बोटाने पडद्यावरचा तिचा गाल पुसला. "हेच," ती म्हणाली. "हेच तोंड." आणि मग अगदी हळू, "हा झगा मी भट्टीवरच्या बाजारात घेतला होता. पौषात."

"आई, फोटो तर ऑगस्टचा..."

"त्याच्यातच पुरली तिला."

बाहेर धोंडीमामांची पावलं वाजली. आईने पदराने डोळे कोरडे केले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भगताला इतक्यात काय सांगू नको."

सोमवारी विनोद सरांनी कॉम्प्युटर सुरू करताना यादीतलं नाव पाहिलं. माझ्याकडे एकदा बघितलं. बदलू का म्हणाले. मी मान हलवली, नको.

आता भात पोटरीला आलं आहे. कापणी जवळ येते आहे. आई दर रविवारी येते, फोटोसमोर बसते आणि दिवस घालायचं नाव काढत नाही.

आणि रोज पहाटे मला जाग येते तेव्हा माझ्या गादीची भिंतीकडची बाजू ओली असते. गार नसते, गरम असते. मुली उठायच्या आत मी चादर काढून धुते, वळचणीला वाळत घालते. रात्री झोपताना भिंतीकडे थोडी जास्त जागा सोडते.

या वेळी मी कुणालाच सांगितलेलं नाही.