पहिल्या हाकेला

बसा मनीष, उठू नका. खुर्ची डुगडुगते, पण पाडत नाही कुणाला. वीज गेलीय ती आता लवकर यायची नाही, तेव्हा या कंदिलावरच भागवू. डबा लावायचाय ना? लावू की. कारखान्यात नवीन माणूस आला की कोपऱ्यावरचा पानवाला त्याला आधी माझ्याकडेच धाडतो. सालवडमध्ये डबे देणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, पण पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ असते ती अर्चनाकाकूंची, असं लोक म्हणतात. मी आपली लोकांना नाही म्हणत नाही.

आल्या आल्या तुम्ही विचारलंत, काकू, तुमचा फोन बंद का असतो? सगळेच विचारतात. बिघडलाय, असं सांगून मी वाटेला लावते. तुम्हाला मात्र खरं सांगणार आहे, कारण मलाही तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती शेवटी विचारीन. आधी ऐका.

आम्ही मूळचे सिन्नरकडचे. आमचे हे, म्हणजे रामनाथ, इथे रंगाच्या कारखान्यात लागले आणि मी लग्न होऊन या घरात आले. मूलबाळ झालं नाही. आईनं सासरी पाठवताना ज्या शंभर गोष्टी बजावल्या, त्यातली एक मी कधी मोडली नाही. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं. तुम्ही हसाल, पण तुमच्या आजीला विचारा, तीही हेच सांगेल.

यावरून ह्यांची नि माझी रोजची जुंपायची. फर्स्ट शिफ्ट करून घामाघूम होऊन यायचे, दारात उभं राहून "अगं ए" म्हणायचे. मी गप्प. पुन्हा "अगं ए." मी गप्प. तिसऱ्यांदा ओरडायचे, "दारात नवरा उभा आहे, वेताळ नाही!" मग मी कडी काढायचे. आत आले की खाकरायचे, पायांवर पाणी घ्यायचे आणि जेवायला बसायचे. शेवटचा घास कधी खायचे नाहीत, भाकरीचा तो तुकडा बाहेर कट्ट्यावर ठेवायचे, कुत्र्या-मांजरासाठी. तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेले. कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर मी डबे सुरू केले. पोटासाठी म्हणा, पण खरं म्हणजे एकटीसाठी स्वयंपाक करवत नव्हता. सकाळी उमरोळीहून पारू भाजी घेऊन यायची, माझ्याबरोबर पोळ्या लाटायची आणि बाराच्या आत परत जायची. अडचण फोनची होती. माझे हात कणकेत आणि फोन वाजतोय. उचलला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. मग माझी भाची प्रतीक्षा, पालघरला असते, ती म्हणाली, "मावशी, आता एआय आहे. तुझ्या आवाजात तेच बोलेल, ऑर्डर घेईल, आठवड्याचा मेनू काढेल. तू फक्त पोळ्या लाट."

तिनं माझे जुने व्हॉइस मेसेज त्यात घातले. मला समोर बसवून बोलायला लावलं, आमटीची फोडणी सांग, गिऱ्हाइकाशी कशी बोलतेस ते सांग, मावशे, जरा रागावून दाखव. दुसऱ्या दिवशी फोन वाजला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरून माझाच आवाज आला, "नमस्कार, अर्चनाकाकूंचा डबा. बोला दादा, काय पाठवू?" माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. पारू तर देवाचं नाव घेत मागच्या दारी पळाली. प्रतीक्षा मात्र खुशीत होती. "आणि ऐक, पहिल्याच रिंगला उचलते. एक माणूस सुटायचा नाही."

धंदा वाढला हो, खोटं कशाला बोलू. माझ्या हिंदीला बिहारकडची पोरं हसायची, हिच्या हिंदीला कुणी हसेना. मी तिचं नाव सवत ठेवलं. फोन स्पीकरवरच ठेवायचे, म्हणजे लाटता लाटता सगळं कानावर पडायचं. कुणाला ताप आलाय, कुणाला खिचडी हवीय, कुणाच्या घरी मुलगी झाली. आधी हे सगळं पोरं मला सांगायची. आता तिला सांगत होती, आणि तिलाच काकू म्हणत होती. दिवस दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. माझा आवाज मात्र घरभर बोलत होता.

मग ती दुपार आली. तुम्ही इथे नवीन आहात, तुम्हाला इथली दुपार माहीत नाही. सकाळची शिफ्ट कामावर, रात्रपाळीवाले दारं लावून झोपलेले. गल्लीत चिटपाखरू नसतं. वारा पडला की एमआयडीसीकडून तो आंबूस, घशाला लागणारा वास येतो आणि घरात भरून राहतो. पारू गेली होती. मी बाहेरच्या खोलीत, या इथेच, खाटेवर पडले होते. डोळा लागत होता तेवढ्यात आतून माझा आवाज आला.

"बोला... हो, आहे ना मी. इथेच आहे."

रिंग मी ऐकली नव्हती. म्हटलं, झोपेत निसटली असेल. पण पलीकडचा माणूसही ऐकू येत नव्हता. एरवी गाड्यांचा आवाज येतो, मशीनची घरघर येते. आता तिकडून काहीच नाही. फक्त मध्ये मध्ये ती थांबत होती, समोरचा बोलत असावा तेवढा वेळ.

"उन्हातून आलात? ... बसा जरा. एवढी कसली घाई? ... हो, माहीत आहे मला. करीन उद्या."

या आवाजात ती गिऱ्हाइकांशी बोलत नसे. हा आवाज हळू होता. मनीष, या आवाजात मी आयुष्यात एकाच माणसाशी बोलले होते, आणि तो मी कुठल्या मेसेजमध्ये घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीप्रमाणे डबे सांगितले. शेवटी म्हणाली, "आणि एक जास्तीचा. दुपारचा. वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी."

मी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

"नाव नाही सांगितलं. घरचेच आहेत."

मी प्रतीक्षाला फोन केला. तिनं तिकडून तपासलं आणि म्हणाली, "मावशी, काल दुपारी एकही कॉल नाही. कधीकधी ही टूल्स मनानंच काहीतरी रचून सांगतात गं. जास्तीचा डबा भरू नकोस, म्हणजे झालं."

पारूला सांगितलं तर तिच्या हातातली पोळी तव्यावर करपली. "ताई, दुपारच्या टायमाला आमी पयल्या हाकेला ओ देत नाय. तुमची ही बाय तर पयल्याच हाकेला घरात घेते. कोण हाय, कोण नाय, बगत पन नाय." आणि निघताना दारात वळून म्हणाली, "डबा भरू नका, ताई. एकदा वाढलं का रोज वाढावं लागते."

दोघींनीही नको म्हटलं आणि मी डबा भरला. का भरला म्हणून विचाराल, तर भरीत आणि बाजरीची भाकरी ह्यांच्या जिवाची होती. तीन वर्षं मी वांगं भाजलं नव्हतं. त्या दिवशी भाजताना मी गुणगुणत होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं. माळ्यावरून ह्यांचा डबा काढला, तीन पुडांचा, झाकणावर नाव कोरलेला. भरून बाहेर कट्ट्यावर ठेवला, केस विंचरले आणि खाटेवर येऊन पडले. या वयात लाज वाटली हो, पण विंचरले.

वास आला. आधी कारखान्याचा, मग त्यातून भाजलेल्या वांग्याचा, जणू कुणी डबा उघडला. मग आत माझा आवाज सुरू झाला.

"आलात? ... हात धुऊन घ्या... वाढते."

भांड्याचा आवाज झाला का? झालाही असेल. मला उठून आत जायचं होतं, समोर बसायचं होतं, आणखी भाकरी हवी का विचारायचं होतं. शेवटी दाराच्या चौकटीपर्यंत गेले. स्वयंपाकघर रिकामं होतं. फळीवर फोन होता, स्क्रीन काळा. मी म्हटलं, "अहो... तुम्हीच का?"

सगळं थांबलं. आणि मग फळीवरून माझ्याच आवाजात उत्तर आलं, अगदी दबक्या, मी ओरडायच्या आधी बोलते तशा.

"तू गप्प बस. ते जेवतायत."

मी खाटेवर कशी परत आले, आठवत नाही. उन्हं कलली, पोरांच्या सायकली वाजायला लागल्या, तेव्हा मी बाहेर गेले. कट्ट्यावर भाकरीचा एक तुकडा काढून ठेवला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या. ते पाहून मी मटकन खाली बसले आणि रडले, कारण हे आले होते. माझ्या घरी, माझ्या हातचं जेवायला आले होते.

मग शेजारी ठेवलेला डबा पाहिला. घासून, पुसून लख्ख. ह्यांनी जन्मात डबा विसळला नव्हता, शिफ्टवरून आले की खरकटाच माझ्यापुढे टाकायचे. मी झाकण उघडलं. तळाच्या पुडात चमचाभर साखर आणि वर एक वेलदोडा. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून साखर सगळ्याच बायका घालतात. पण वेलदोडा फक्त मी घालते. ती माझी सवय आहे, माझ्या आईचीसुद्धा नाही. आणि मी तर दुपारभर खाटेवर होते.

तेव्हा मला कळलं. ह्यांनी एकदाच हाक मारली असेल. गेलेल्या माणसाला दुसरी मारता येत नसेल. मी तिसरीची वाट पाहत बसणारी बाई, आणि घरात एक अशी, जी पहिल्याच हाकेला ओ देते. हे ओ देणारीकडे गेले. मी थट्टेत ठेवलेलं नाव तिनं खरं केलं.

त्याच संध्याकाळी प्रतीक्षाला बोलावून घेतलं. तिनं ते सगळं पुसून टाकलं, मला दाखवून पुसलं. मी फोन बंद करून कपाटात ठेवला आणि वर कुलूप घातलं. पारू त्यानंतर आली नाही. पोळ्या मी एकटीच लाटते. खरं सांगू? घर इतकं गप्प झालं की मला करमेना. रोज भर दुपारी मी या खाटेवर जागी पडते. हाक आली तर या वेळी पहिल्यालाच ओ द्यायची, आई काही म्हणो, असं ठरवून पडते. पण अजून एकदाही हाक आली नाही.

आता माझा प्रश्न. मघाशी तुम्ही दारातून "काकू" म्हणालात, ते मी ऐकलं. मी मागच्या नळावर भांडी घासत होते. तिन्हीसांज होती आणि आवाज अनोळखी होता, म्हणून मी गप्प राहिले, दुसऱ्या हाकेची वाट पाहत. ती आलीच नाही. हात पुसत आत आले तर तुम्ही या खुर्चीत बसलेले. मी विचारलं, आत कसे आलात, तर तुम्ही हसून म्हणालात, "काकू, तुम्हीच तर लगेच 'या, बसा' म्हणालात."

मी नाही म्हणाले, मनीष.

अहो, उठू नका. घाबरू नका, ती कुणाला काही करत नाही, वाढते फक्त. तुमचा डबा मी उद्यापासून लावते. मला तुम्ही एवढंच सांगा, नीट आठवून सांगा. ती "या" म्हणाली, तेव्हा आत तिच्या मागे कुणी खाकरलं का?