अठ्ठावीस दिवसांचे टाके

निशिगंधाचं काम सांगायला सोपं होतं. धडधाकट माणसांना इन्फ्लुएंझाची नवी लस टोचायची आणि पुढचे अठ्ठावीस दिवस त्यांना ताप येतो का ते बघायचं. आजारी माणूस इथे चालायचाच नाही. सहा वर्षं ती कळंबच्या केंद्रात नर्स होती, पण आपण ठणठणीत आहोत हे सिद्ध करायला माणसाला एवढे कागद लागतात, हे तिला या चाचणीतच कळलं. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या दंडात काय गेलं ते तिला ठाऊक नव्हतं आणि डॉक्टर धर्मपाल सरांनाही नव्हतं.

राळेगावकडच्या एका तांड्यातून सात जण तयार झाले. तांड्याचा नायक देवसिंग, त्याची बायको मानीबाई आणि त्यांच्या नात्यातले पाच जण. केंद्रात आणून त्यांना संमतीपत्र दोनदा वाचून दाखवलं, अंगठे झाले, आणि ताप मोजून टोचून घ्यायला खुर्चीवर बसायची वेळ आली तशी सगळी मंडळी भिंतीला चिकटली. आधी तुमी बसा, असं मानीबाईनं सुचवलं. निशिगंधाला हसू आलं. ती खुर्चीवर बसली, काखेत थर्मामीटर धरला, तो वाजल्यावर अठ्ठ्याण्णव हा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला आणि उठली. मग मानीबाई बसली, तिच्यामागून देवसिंग, मग बाकीचे रांगेनं.

प्रत्येकाला एक थर्मामीटर आणि एक कार्ड दिलं. रोज संध्याकाळी ताप मोजायचा आणि कार्डावर लिहायचा, बस्स.

तिसऱ्या दिवशी निशिगंधा स्कूटीनं तांड्यावर गेली, तर सातही कार्डं कोरी करकरीत. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, दिवसभर बोंडं वेचलेल्या बोटांत पेन ठरत नाही, असं देवसिंगाचं म्हणणं. ती चिडून काही बोलणार, तेवढ्यात मानीबाईनं आतून हातभर रुंद निळं कापड आणलं. त्यावर एकाखाली एक सात ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत तीन तीन पांढरे टाके. मानीबाईला लिहिता येत नसलं तरी आकडे ओळखता यायचे. संध्याकाळी सगळे आपापला थर्मामीटर तिला दाखवून जायचे आणि ती टाका घालायची. ताप नसला तर पांढरा. शंभर असला तर एक लाल, एकशे एक असला तर दोन लाल, आणि तसंच पुढे.

आता आली का पंचाईत! नोंद पहिल्यांदा जिथे होते तोच मूळ पुरावा, हा चाचणीचा नियम. म्हणजे मूळ पुरावा झालं कापड. धर्मपाल सरांनी कपाळाला हात लावला आणि दर खेपेला फोटो काढून आणायला सांगितलं. निशिगंधानं पहिली ओळ एक नंबरच्या, म्हणजे मानीबाईच्या कार्डावर उतरवली, दुसरी देवसिंगाच्या, आणि अशीच खाली सातव्यापर्यंत. कुठली ओळ कुणाची हे तिनं विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात होतं तरी काय?

निघताना मानीबाई तिच्या मानेला उलटा हात लावायची आणि तब्येत बरी हाय ना, म्हणून विचारायची. दर खेपेला. निशिगंधाला ती माया वाटायची आणि बरंही वाटायचं.

सातव्या दिवशी तिनं कापड उलगडलं. सात दिवस झाले होते, पण सहा ओळी अठ्ठावीस टाक्यांपर्यंत पूर्ण भरल्या होत्या. मधेमधे लालही होते. खोटी नोंद म्हणजे चाचणीतलं महापाप, आणि ते तिच्या सहीखाली घडलं होतं. तिनं मानीबाईला चांगलंच फैलावर घेतलं. मानीबाई मान खाली घालून ऐकत राहिली.

"दुपारी बसली होती जी. हात चालून राह्यला होता, थांबलाच नाई."

उसवून टाका, असं निशिगंधानं बजावलं. त्यावर मानीबाई हलेना. घातलेला टाका उसवायचा नाही, ही तिच्या आजीची शिस्त होती. शेवटी निशिगंधानं फोटो काढला, रोजचा आकडा यापुढे मीच लिहीन म्हणाली आणि निघाली. फोटो तिनं घरी नीट पाहिला. पहिली ओळ तेवढी अपुरी होती. पंधरा पांढरे, मग सोळाव्याला एक लाल, सतराव्याला दोन, अठराव्याला तीन, एकोणिसाव्याला चार. पुढे कोरं कापड.

नवव्या दिवशी देवसिंगाला एकशे एक ताप आला. दुसऱ्या ओळीत नवव्या जागी दोन लाल टाके होते. अकराव्या दिवशी ताप उतरला, कापडावरही तिथे पांढरा. योगायोग म्हणून तिनं सोडून दिलं. बाराव्या दिवशी चौथ्या ओळीतल्या बादलला शंभर. एक लाल. तेराव्या दिवशी ती केंद्रातला थर्मामीटर घेऊन गेली, स्वतःच्या हातानं सगळ्यांना लावला आणि फोटोशी ताडून पाहिला. एकही आकडा चुकला नाही.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. मानीबाईची ओळ एकोणिसाव्या दिवशी संपत होती. सरांना तिनं सगळं सांगितलं नाही, कोण विश्वास ठेवणार? बाईला अशक्तपणा वाटतोय, अशी थाप मारून तिनं मानीबाईला केंद्रात आणलं. रक्त, छाती, ईसीजी, सगळं तपासून घेतलं. पोरीसोरींना लाजवेल अशी तब्येत आहे, असं सर म्हणाले.

सोळाव्या दिवशी ती भर दुपारीच तांड्यावर जाऊन बसली. मानीबाईला तीन वेगवेगळे थर्मामीटर लावले. अठ्ठ्याण्णव. संध्याकाळी पुन्हा लावले. अठ्ठ्याण्णव. कापड चुकलं होतं! निशिगंधाला इतका आनंद झाला की ती तिथेच भाकर खाऊन निघाली. डोकं जरा जड झालं होतं, पण दिवसभर रस्त्याची धूळ आणि कापसाची रुई नाकात गेल्यावर आणखी काय होणार? पॅरासिटामॉल घेऊन ती झोपली.

सतराव्या दिवशीही मानीबाई अठ्ठ्याण्णव. निशिगंधाची मात्र हाडं दुखत होती. अठराव्या दिवशी तिला उठवेना, म्हणून तिनं फोनवरून देवसिंगाला आकडा विचारला. मानीबाई शेतात गेली होती, मजेत होती. आपला ताप मोजावा, हे दुसऱ्यांचे ताप मोजणाऱ्या या बाईच्या डोक्यातही आलं नाही. नवरा अमर नको नको म्हणत असताना एकोणिसाव्या दिवशी तिनं स्कूटी काढली. आजचा एक दिवस डोळ्यांनी बघितला की झालं, असं तिला वाटत होतं.

मानीबाई दारातच कापूस निवडत बसली होती. निशिगंधाला तिला मिठी मारावीशी वाटली.

"मानीबाई, तुमची ओळ खोटी ठरली."

"माही कोणती?"

"पहिली."

मानीबाईनं हातातलं बोंड खाली ठेवलं.

"आपला टाका आपण घालत नाई जी. माही ओळ त्यात नाईच."

"मग पहिली कोणाची?"

"खुर्चीवर पयले कोण बसलं होतं?"

मानीबाई उठली आणि तिनं उलटा हात निशिगंधाच्या मानेला लावला. या वेळी तिनं तब्येत बरी आहे का, ते विचारलं नाही. गाडी नका चालवू, बसा, एवढंच म्हणाली. देवसिंगानं आतून खुर्ची आणली.

निशिगंधानं पिशवीतला थर्मामीटर काढून काखेत धरला. तो वाजला. सवयीनं तिनं आकडा मोठ्यानं वाचला.

"एकशे तीन."

आतून कापड आणलं गेलं. चार लाल. पुढे नऊ दिवसांची जागा कोरी होती. तिला भीती वाटली, सरळसरळ भीती, लहानपणी विहिरीत वाकून पाहताना वाटायची तशी.

"मानीबाई, विसावा टाका घाला ना."

मानीबाईनं सुई घेतली. पांढरा दोरा ओवला. पहिल्या ओळीच्या टोकाशी सुई नेली, टेकवली, आणि तशीच धरून बसली.

"घाला ना, मानीबाई."

मानीबाईनं मान हलवली आणि कापड तिच्या मांडीवर उलटं करून ठेवलं.

मागच्या बाजूनं सहा ओळींचे दोरे बोटभर मोकळे सोडलेले होते, पुढे लागतील म्हणून. पहिल्या ओळीचा दोरा गाठ मारून कापला होता.