अंकुशचं पान

कोराडीत गच्ची रोज झाडावी लागते. सकाळी झाडली तरी दुपारपर्यंत वीजकेंद्राची राख पुन्हा बसते, चाळलेल्या पिठासारखी. रुपरावांनी जन्मभर त्याच केंद्रात नोकरी केली, निवृत्त झाल्यावर कॉलनीबाहेर छोटंसं घर बांधलं आणि गच्ची झाडायचं काम स्वतःकडे घेतलं. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकुलत्या एका पोरापुढे त्यांचं काही चालत नसे.

त्या पोराला, अंकुशला, विम्याच्या पैशांची अवदसा आठवली. बाहेरगावी झटका येऊन मेलो, तिथेच अग्नी दिला, असं सांगायचं. एका डॉक्टरनं मृत्यूचा दाखला लिहून दिला, अर्जावर बायकोनं, जयानं, सही केली आणि अंकुश छिंदवाड्याला मित्राकडे जाऊन राहिला. रुपरावांच्या वाट्याला फक्त दहावं आणि तेरवी आली. लोकांना संशय नको म्हणून.

"घाबरता काहून बाबा?" अंकुश फोनवर हसला होता. "कावळा काही शिवत नाही. मी जित्ता आहो ना. मंग महाराज दर्भाचा कावळा करते, झालं काम."

कामठीला, कन्हानच्या घाटावर, रुपरावांनी पिंडाचं पान ठेवलं. हात पुरता मागेही आला नव्हता. कावळा उतरला आणि शिवला.

"काही इच्छा राहिली नोती पोराची," मागून कुणीतरी समाधानानं म्हणालं.

पुढे व्हायचं तेच झालं. विमा कंपनीच्या माणसांनी मोबाइलवरून माग काढला आणि पोलिसांनी अंकुशला छिंदवाड्याहून उचलून आणलं. फसवणूक, खोटे दस्तऐवज. अंकुशला आणि डॉक्टरला तीन-तीन वर्षं, जयाला एक. कोर्टाच्या हुकुमानं मृत्यूची नोंदही रद्द झाली. रुपरावांना सगळं ठाऊक होतं, पण ते सिद्ध झालं नाही, आणि जित्या पोराचा पिंड घालणं हा काही कायद्यानं गुन्हा नाही. निकालाच्या दिवशी ते कोर्टाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. सुटले म्हणून रडत असतील, असं लोकांना वाटलं.

जेलच्या मुलाखतीत अंकुश दर वेळी थोडा अधिक वाळलेला दिसे.

"खाऊन नाही राहिला का गा?"

"ताट समोर आलं का वाटते बाबा, आताच जेवून उठलो. पण पोट तर रिकामंच असते."

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

शिक्षा भोगून तो भादव्यात घरी आला. जयानं हौसेनं पाटवडीचा रस्सा केला. अंकुशनं पहिला घास घेतला, बराच वेळ गालात धरला आणि हळूच तळहातावर काढून ठेवला.

"चव नाही का?"

"चव आहे वं. आत जात नाही."

जयानं पदर तोंडात कोंबला. अंकुशच्या अंगावर शर्ट दांडीवर टाकल्यासारखा लोंबत होता. असाच राहिला तर दिवाळी पाहणार नाही, हे तिघांनाही कळत होतं.

रुपराव कोर्टाचा हुकूम पिशवीत घालून कामठीला गेले. घाटावरचे महाराज तेच होते.

"कोर्टानं दाखला रद्द केला महाराज. आता तुमी हे दहावं रद्द करा."

महाराजांनी कागदाला हात लावला नाही. "दर्भाचा कावळा केला असता तर मीच मोडून टाकला असता, रुपरावभाऊ. इथं तर खरा येऊन खाऊन गेला. खाल्लेलं कसं परत मागावं?"

सर्वपित्री अमावास्या आली. कढी, वडे, भात, खीर. रुपरावांनी अंकुशच्या वारलेल्या आईच्या नावानं पान वाढलं आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही रीत.

कावळा पाण्याच्या टाकीवर बसला होता. उतरेना.

"ये वं," रुपराव बायकोला म्हणाले. "पोरगं उपाशी आहे खाली."

कावळा मान तिरपी करून पाहत राहिला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मंग अंकुशच्या नावानं घे."

कावळा उतरला.

त्यांनी हाकलायला हात उचलला, पण तोवर वड्याचा लचका तुटला होता. पान बघता बघता साफ झालं.

"मामाजी," खालून जयाची हाक आली. आवाज चमत्कारिक होता.

अंकुश भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांवर तृप्त गुंगी. ओठाला भाताचं शीत चिकटलेलं.

"आज पोट भरलं बाबा," तो म्हणाला. "वड्यात मीठ कमी पडलं फक्त."

जयानं रुपरावांकडे पाहिलं. स्वयंपाकाची भांडी झाकलेलीच होती. तिनं अजून कुणालाच वाढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरोघरी घट बसले. पितरांचे दिवस सरले. अंकुश पुन्हा ताटावरून उठला, घास हातात घेऊन.

रुपराव मोरीत तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभे राहिले. जिवंत ठेवायचा तर मेला म्हणून हाक मारायची. बापाच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

मग त्यांनी पान वाढलं. वड्यांवर चिमूटभर मीठ टाकलं.

गच्चीवर ताजी राख बसली होती. पान कठड्यावर ठेवून त्यांनी टाकीकडे पाहिलं.

"अंकुश. ये गा, जेवून घे."

"आलो बाबा," आवाज खालून आला.

जिना वाजला नाही. टाकीवरून कावळा उतरला, राखेत पावलं उमटवत पानापाशी आला आणि वडा उचलला.



"बाबा," खालून अंकुश म्हणाला, "आज मीठ बरोबर आहे."