अक्कलदाढेची सोबत

मला कुणाची सोबत लागत नाही. कपाट चौथ्या मजल्यावर चढवणं असो की प्रेमभंग, माझं मी बघते. अक्कलदाढ काढायची तयारीही एकटीनेच केली. गालाला लावायला गोठवलेले मटार आणले, व्हॅनिला कस्टर्डचे चार डबे आणले, उशीवर जुना टॉवेल अंथरला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही.

"लीसबेथ, सोबत कोण आलंय?" दाताच्या दवाखान्यात काउंटरवरच्या देकरबाईंनी विचारलं.

"मीच."

गुंगीचं इंजेक्शन असलं की चोवीस तास जवळ माणूस हवं, नाहीतर तीन महिन्यांनी या, असं त्या म्हणाल्या. आता आमच्या डेल्फ्ट शहरात जिवलग मैत्रिणीसुद्धा कॉफीसाठी तीन आठवडे आधी डायरीत तारीख लिहितात. दहा मिनिटांत कोण मिळणार?

समोर एक उंच तरुण माशांच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून काच घासत होता. कानाला शेवाळ लागलेलं.

"हा काय, इथेच आहे," मी म्हटलं.

त्याने वळून बघितलं... मी डोळ्यांनीच हात जोडले.

"योरिस, ही तुझी कोण?" देकरबाई दर महिन्याला टाकी धुणाऱ्याला बरोबर ओळखत होत्या.

त्याने टाकीतून हात बाहेर काढला. "अजून ठरायचंय," म्हणाला, आणि ओल्या हाताने सही केली.

धड शुद्धीवर आले तेव्हा मी त्याच्या सायकलीच्या पुढच्या लाकडी पेटीत बसले होते. मांडीवर बादली, बादलीत तीन आजारी मासे. अंगावर भुरभुर पाऊस, आणि गाल कुणा दुसऱ्याचा.

"हेही उपचारालाच चाललेत," योरिस म्हणाला. "पण तुझ्याएवढी बडबड नाही करत."

"मी काय बोलले?"

"मला कुणी लागत नाही, हे माशांना तीनदा सांगितलंस. मग रडलीस. मग माझा कान छान आहे म्हणालीस."

बादलीत तोंड घालावंसं वाटलं, पण जागा नव्हती.

चोवीस तास तो माझ्या सोफ्यावर राहिला, पाय रेडिएटरवर टाकून. गोळ्यांच्या वेळा पाळल्या, मटार बदलले. कस्टर्ड चमच्याने भरवलं. निम्मं माझ्या बधिर ओठावरून हनुवटीवर उतरलं, ते त्याने न हसता पुसलं. त्या न हसण्यानेच माझा घात केला.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याने कोट चढवला. थांब म्हणायला तोंड उघडलं, आणि सवयीने बाहेर पडलं, "आता माझं मी बघेन."

"हो," तो म्हणाला. खिशातून डायरी काढली. "कॉफीला येशील माझ्याकडे? अठ्ठावीस तारीख मोकळी आहे."

त्या दिवशी पाच तारीख होती. मी शहाण्यासारखं वागून त्याचा पत्ता लिहून घेतला. दार लागलं, आणि खोली एकदम मोठी झाली. दाढेच्या खड्ड्यापेक्षा सोफ्यावरचा खड्डा जास्त ठणकायला लागला.

सहा तारखेला मी गालाला मफलर गुंडाळून त्याच्या गल्लीत पोचले. आमच्याकडे न ठरवता कुणी दारात आलं तर दोनच कारणं असतात, आग नाहीतर प्रेम. कालव्याला लागून उतारावर तो सायकल धरून उभा होता, एका हातात बादली.

"आज अठ्ठावीस नाही," तो म्हणाला.

"माहितीय."

"आग लागलीय कुठे?"

"नाही."

त्याचे कान लाल झाले. मी बादली त्याच्या हातातून घेतली, काहीतरी धरायला हवं होतं म्हणून. मासे आता टुणटुणीत दिसत होते.

"योरिस... मला सोबत लागते."

"अजून दाढ काढायचीय?"

"तीन आहेत. पण — दाढ नसतानासुद्धा."

त्याने एका हाताने डायरी काढली, सायकलीच्या सीटवर ठेवून अठ्ठावीस तारखेवर काट मारली, आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला... सुजलेली बाजू सांभाळून.

दोन्ही हातांनी, म्हणून सायकल कालव्यात गेली.